कुणाचं आहे, विचारलंय?

मुलांनो, एक ओसरी डोळ्यांसमोर आणा. लांबट, शहाबादी फरशीची, वर पत्रा. पोस्टाच्या मागच्या गल्लीतलं भाड्याचं घर. रविवारची सकाळ, नऊ वाजत आलेत. ओसरीवर दोन सतरंज्या अंथरल्या आहेत आणि त्यांवर सहा मुलं पालथी पडून लिहितायत. पालथं पडून लिहिलं की अक्षर वळणदार येतं अशी त्यांची समजूत होती आणि मी ती कधी दुरुस्त केली नाही. सतरंजीचा एक कोपरा मोकळा आहे. तिथे बसा, म्हणजे सगळं नीट दिसेल.

आता माझे केस काळे आहेत अशी कल्पना करा. हे जरा अवघड जाईल, पण करा. ही चौतीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी मी कॉलेजात इतिहास शिकवत होतो आणि रविवारी ह्या सहा जणांना मोडी शिकवत होतो. मोडी म्हणजे आपली जुनी मराठी लिहायची लिपी. आधी पानभर आडवी रेघ ओढायची, मग अक्षरं तिला लटकवत जायची, आणि होता होईतो लेखणी उचलायची नाही. म्हणून ती भरभर लिहिता येते. मला तिची इतकी सवय होती की वाण्याची यादीसुद्धा मी मोडीत लिहायचो, आणि माझी बायको शैला ती यादी माझ्या तोंडावर फेकायची.

वर्गाचा एक नियम होता. तो आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरून घडलं.

पहिल्याच वर्षी एका मुलाने घरच्या पेटीतलं जुनं पत्र आणलं होतं. मी कौतुकाने त्याला ते मोठ्याने वाचायला लावलं. त्यात त्याच्या पणजीबद्दल चार वाईट ओळी होत्या. त्याला न्यायला आलेली त्याची आजी दारात उभी राहून ऐकत होती. ती आत आली. कागदाची घडी केली, नातवाचा हात धरला आणि गेली. तो मुलगा परत आला नाही. पुढच्या रविवारी मी मुलांना सांगितलं की चूक त्याची नव्हती, माझी होती. त्या दिवसापासून आम्ही ठरवलं की कुठलाही कागद वाचण्याआधी वाचणाऱ्याने त्यावर तळहात ठेवायचा आणि विचारायचं, "कुणाचं आहे? विचारलंय?" ज्याने कागद आणला त्याने, ज्याचा आहे त्याचं नाव सांगायचं आणि म्हणायचं, "विचारलंय." मगच हात उचलायचा. कागदावरची माणसं मेलेली असली, तरी त्यांच्या घरातलं कुणीतरी जिवंत असतं.

ह्या सहा जणांत सगळ्यात चांगलं वाचायची ती कुंदा खिलारे. पाचवीत होती. दोन घट्ट वेण्या, आणि लिहिताना जिभेचं टोक बाहेर. तिचे वडील यशवंत खिलारे गावच्या पोलीस ठाण्यात हवालदार होते. ते दर रविवारी तिला सायकलवरून सोडायचे, ओसरीच्या पायरीशी उभे राहून म्हणायचे, "सर, हिला जरा ओरडत जा, फार बोलते," आणि जायचे. त्यापलीकडे आमचं बोलणं नव्हतं.

आणि त्याच ठाण्याच्या कोठडीत, त्या रविवारच्या दीड महिना आधी, पारध्यांच्या वस्तीवरचा दशरथ पवार नावाचा तरुण मेला होता. आजाराने, असं ठाण्याचं म्हणणं. त्याची भावजय रंगूबाई म्हणत होती, की तो चालत गेला होता आणि धडधाकट होता. आमच्या कॉलेजातले इंग्रजीचे प्राध्यापक ढोबळे, जे कविताही लिहायचे, आणि मी, असे आम्ही दोघे वस्तीवर गेलो, लोकांचं ऐकून घेतलं आणि एक अहवाल लिहायला घेतला. आम्ही एवढंच केलं होतं. ना मोर्चा, ना घोषणा. पण त्यानंतर मला तीन वेळा ठाण्यावर बोलावून सकाळपासून संध्याकाळपर्यंत बाकावर बसवलं. कुणी काही विचारलं नाही; नुसतं बसवलं. ढोबळ्यांच्या नव्या पुस्तकाचं प्रकाशन होतं, तर सभागृहाच्या चिटणिसांनी आदल्या दिवशी सांगितलं की किल्ली हरवली. कॉलेजच्या खोलीत मी गेलो की बोलणं थांबायचं.

मृत्यूची चौकशी प्रांतसाहेबांसमोर मंगळवारी व्हायची होती. दशरथ मेला त्या दिवशी तीन माणसांनी स्वतःच्या डोळ्यांनी काहीतरी पाहिलं होतं. त्यांनी मला सगळं सांगितलं. ती थांबत नव्हती, म्हणून मीही लेखणी न उचलता मोडीत लिहीत गेलो. नावं, घरं, काय पाहिलं, कुठून पाहिलं. निघताना रंगूबाईने माझं मनगट धरलं. "मास्तर," ती म्हणाली, "ही माणसं मंगळवारी आपल्या तोंडानं सांगत्याल. तवर त्यांची नावं तुमच्या पोटात ऱ्हाऊ द्या." मी हो म्हणालो.

ती निळ्या पुठ्ठ्याची वही मी मुलांच्या वह्यांच्या ढिगात ठेवली; घरोघरचे जुने कागद मुलं त्या वह्यांत उतरवून काढायची. चाळीस निळ्या वह्या, सगळ्या मोडीत, त्यात एकेचाळिसावी. माझ्या मते मी फार हुशारी केली होती.

तर त्या रविवारी नऊच्या सुमाराला गल्लीत जीप थांबली. पुढे नवीन आलेले फौजदार जगदाळे, मागे तीन शिपाई, आणि सगळ्यांत शेवटी, मान खाली घातलेले हवालदार खिलारे. बरोबर दोन पंच: पोस्टमास्तर टिकेकर आणि कोपऱ्यावरचे शिंपी महबूबभाई. दोघेही अर्ध्या कामातून उठवून आणलेले; महबूबभाईंच्या गळ्यात टेप तसाच होता.

जगदाळ्यांनी झडतीचा कागद दाखवला. मुलांना घरी पाठवू का, असं मी विचारलं, तर म्हणाले, कुणी हलायचं नाही. शैलाने मुलांना भिंतीशी ओळीत बसवलं आणि प्रत्येकाच्या हातात एकेक शेंगदाण्याचा लाडू दिला. मग तिने फौजदारांसमोरही ताट धरलं. ते ओशाळले, पण त्यांनी लाडू घेतला नाही.

कपाटं उघडली, पुस्तकं खाली आली. खिलारे पंचनामा लिहायला बसले. मग निळ्या वह्या सापडल्या. जगदाळ्यांनी एक उघडली, उलटी धरली, सुलटी धरली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"ही कुठली भाषा?"

मी म्हणालो, भाषा मराठीच आहे, लिपी मोडी आहे.

"मला मराठी येतं, मास्तर. हे मराठी नाही. लिहा खिलारे, सांकेतिक लिपीतील वह्या."

खिलारे एकेक वही उचलून मोजू लागले. प्रत्येक वहीचं पहिलं पान उघडायचे, अंगठा जिभेला लावून एखादं पान उलटायचे आणि रास रचायचे. एका वहीवर ते जरा जास्त थांबले. मग ती त्यांनी वर न ठेवता राशीच्या अगदी तळाशी सरकवली. मी ते पाहिलं. रास डगमगत होती, तिला टेकू दिला असेल असं मला वाटलं. माझं लक्ष खरं तर जगदाळ्यांकडे होतं.

जगदाळे माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. शांतपणे बोलत होते. वस्तीवर जाऊन मी जबाब घेतलेत हे त्यांना माहीत होतं. कुणाचे घेतले तेवढंच त्यांना हवं होतं. मी म्हणालो, ती माणसं मंगळवारी प्रांतसाहेबांना सांगतील.

"मग ह्या वह्या वाचून दाखवा."

मी म्हणालो, मुलांच्या वाचतो. माझी वाचणार नाही.

हे बोललो आणि माझ्या लक्षात आलं की ह्यात माझीही एक वही आहे हे मीच सांगून बसलो. शिक्षकाला खोटं सांगायची सवय नसली की असं होतं. जगदाळे हसले. मोडी वाचणारा माणूस पुण्याहून आणायचा तर दोन-चार दिवस जाणार, आणि त्यांना मंगळवारच्या आत नावं हवी होती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

तेव्हा ओळीतला सगळ्यात लहान, सात वर्षांचा गुलाब मुलाणी, तोंडात लाडू असतानाच म्हणाला, "आमाला येतं वाचता. कुंदाताईला तर सगळं येतं. ती ह्या खिलारेकाकांचीच हाय."

त्याला वाटलं, तो सरांना मदत करतोय.

जगदाळे हळूच खिलाऱ्यांकडे वळले. "असं का, खिलारे? घरात विद्या आहे आणि बोलला नाहीत?" मग कुंदाकडे पाहून म्हणाले, "ये बाळ, इकडं ये. वडिलांना मदत करायची ना?"

ती उठली. हाताला लागलेला लाडू तिने परकराला पुसला, मग माझ्याकडे पाहिलं. मुलांनो, तिथे बसलेल्या तुम्हाला वाटेल की मी डोळ्यांनी काहीतरी खुणावलं असेल. नाही खुणावलं. तिचे वडील तिथे होते, त्यांची नोकरी तिथे होती, आणि ती दहा वर्षांची होती. मी खाली बघितलं.

खिलाऱ्यांनी राशीच्या वरची वही तिच्या हातात दिली. तिने ती जमिनीवर ठेवली, मांडी घातली, तळहात ठेवला आणि सवयीने विचारलं, "कुणाचं आहे? विचारलंय?"

"माझ्या आज्याचं हाय," गुलाब म्हणाला. "विचारलंय."

तिने हात उचलला आणि वाचलं. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोन भावांत झालेला करार होता. एकदाही न अडखळता वाचला. टिकेकरांच्या तोंडून नकळत "वा" निघून गेलं. दुसरी वही. पुन्हा तळहात, पुन्हा तोच प्रश्न, ओळीतून एक मुलगी म्हणाली, "आमच्या काकूचं आहे, विचारलंय." लग्नात वरातीला किती बैल लागले त्याची यादी होती. शिपाई हसले. जगदाळ्यांना घाम येत होता.

"वरच्या वरच्या नकोत," ते म्हणाले आणि स्वतः वाकून राशीच्या तळाची वही ओढली. रास कोसळली. त्यांनी ती वही कुंदासमोर उघडून ठेवली. मी लांबूनही ओळखली. माझं अक्षर मला दिसत होतं.

कुंदाची नजर पहिल्या दोन ओळींवरून गेली. तिला ते जुनं नाही हे लगेच कळलं असणार, कारण पहिलीत रंगूबाई होती, आणि दुसरीत आमच्याच गावचं ठाणं होतं. ती थांबली. मग तिने तळहात ठेवला.

"कुणाचं आहे? विचारलंय?"

ओळीतली पाचही मुलं गप्प. ही वही त्यांच्यातल्या कुणाचीच नव्हती. गुलाबसुद्धा गप्प.

"माझं आहे," जगदाळे म्हणाले. "मी सांगतोय. वाच."

ती त्यांच्याकडे बघत राहिली, जसं चुकीचं उत्तर देणाऱ्याकडे बघतात. "तुमचं नाही हे," ती म्हणाली. आवाज लहान होता, पण उद्धट नव्हता. मग तिने मान वळवली. "बाबा, ह्यातल्या माणसांना विचारलंय का?"

खिलारे पंचनाम्याचे कागद मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. अठरा वर्षं नोकरी झालेला माणूस. समोर साहेब. मला वाटलं, ते मुलीला दटावतील, आणि त्यांनी दटावलं असतं तर मी त्यांना आयुष्यात दोष दिला नसता.

"नाही," ते म्हणाले. "नाही विचारलेलं."

कुंदाने वही मिटली.

जगदाळ्यांनी खिलाऱ्यांकडे पाहिलं. ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "लिहा. सांकेतिक लिपीतील एकेचाळीस वह्या, वाचता आल्या नाहीत. घ्या पंचांच्या सह्या."

टिकेकर पोस्टमास्तर माझ्या माहितीतले सगळ्यात भित्रे गृहस्थ. गल्लीतलं कुत्रं भुंकलं तरी ते पोस्टात परत जायचे. ते पुढे झाले, चष्मा पुसला आणि म्हणाले की सांकेतिक लिहिलं असेल तर ते सही करणार नाहीत. त्यांचे आजोबा ह्याच लिपीत लिहायचे आणि आजोबा काही हेर नव्हते. मोडी लिहा, मग सही करतो. महबूबभाईंनी गळ्यातला टेप काढून हातात घेतला आणि म्हणाले, "मग माझीबी तवाच." त्या एका शब्दावरून दहा मिनिटं गेली. शेवटी पंचनाम्यात 'मोडी लिपी' असं आलं. पुढे कोर्टात माझ्या वकिलांनी तो एकच शब्द धरून ठेवला आणि मला जामीन मिळाला.

हो, मला नेलं त्या दिवशी. आठ दिवस आत होतो. वह्या मोहोरबंद होऊन पुण्याला गेल्या. त्या वाचून होईपर्यंत दोन महिने उलटले, आणि मंगळवार केव्हाच होऊन गेला होता. त्या मंगळवारी तिघंही प्रांतसाहेबांसमोर उभी राहिली आणि आपापल्या तोंडाने बोलली. रंगूबाई त्यांच्या मागे बसून होती. जे निघायचं ते निघालं, ठाण्यातले दोन जण निलंबित झाले. मीही निलंबित झालो, चौदा महिने. मला कामावर परत घेतलं तेव्हा ढोबळ्यांनी माझ्यावर एक कविता केली. ती चांगली नव्हती, म्हणून इथे देत नाही.

पण मला सांगायचंय ते मी सुटून आल्यानंतरच्या पहिल्या रविवारचं.

घरासमोर महबूबभाईंच्या दुकानाच्या फळीवर एक शिपाई बसवला होता. कोण येतं-जातं ते वहीत लिहायचं त्याचं काम. मी सवयीने सतरंज्या अंथरल्या. शैला म्हणाली, "अहो, एकच पुरे होती." मी दोन्ही राहू दिल्या. नऊ वाजले, सव्वानऊ. कुणी आलं नाही. मुलांच्या आईबापांना मी काय म्हणणार? गुलाबची आई वाटेत दिसली तर पदर डोळ्याला लावून निघून गेली होती.

साडेनवाला कुंदा आली. सायकल नव्हती, चालत आली होती. आधी ती गल्ली ओलांडून त्या शिपायाकडे गेली आणि त्याच्या वहीवर बोट ठेवून म्हणाली, "लिहा. कुंदा यशवंत खिलारे, इयत्ता पाचवी." त्याने लिहिलं. मग ती ओसरीवर आली, चपला काढल्या आणि मोकळ्या सतरंजीच्या मधोमध बसली.

"सर, आम्ही गुरुवारी चाललो," ती म्हणाली. "बाबांची बदली झाली. धरणाच्या वर चौकी आहे तिथं. तिथं शाळा नाही, मी आत्याकडे राहणार."

मी एवढंच म्हणालो, की माझ्यामुळे झालं.

"तुमच्यामुळे नाही. बाबा म्हणाले, त्यांना 'नाही' म्हणायला तुम्ही नव्हतं सांगितलं." तिने दप्तरातून एक कागद काढला. "मी आज वाचायला आणलाय."

कागदावर मोडी होती, पण अक्षर तिचं नव्हतं. मोठं, जड, दर दोन शब्दांनी लेखणी उचललेली, आडवी रेघ पट्टीने ओढलेली. पोलीस ठाण्यात नोंदी करणाऱ्या माणसाचं अक्षर.

"हे कुणी लिहिलंय?"

"बाबांनी. बदलीचा हुकूम टाईप केलेला आलाय, तो त्यांनी मोडीत उतरवला. मी दर रविवारी शिकून जाते ना, ते त्यांना शिकवते. त्यांची ड्यूटी नसली की. दोन वर्षं झाली. माझ्याहून हळू येतं त्यांना, पण येतं."

मला ती रास आठवली. अंगठा जिभेला लावून उलटलेली पानं, एका वहीवर जरा जास्त थांबलेले हात, आणि ती वही सगळ्यांच्या तळाशी गेलेली. त्यांनी नावं वाचली होती. कुंदाने विचारण्याआधी, फौजदारांनी ओढण्याआधी, त्या सगळ्या ओसरीवर ती नावं माहीत असलेला पोलीस एकच होता, आणि तो पंचनामा लिहीत होता.

शैला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनेही ऐकलं होतं. ती आत गेली आणि लाडवांचा डबाच घेऊन आली, आणि तो कुंदाच्या दप्तरात घालू लागली. मी खिलाऱ्यांना निरोप द्यायला तोंड उघडलं आणि काय सांगायचं ते आलंच नाही. आजही नीट येत नाही. म्हणून गोष्ट सांगतो.

"सर, सुरू करू?" कुंदा म्हणाली.

मी मान हलवली.

तिने कागद सतरंजीवर सपाट केला, त्यावर तळहात ठेवला आणि सवयीप्रमाणे ओळीने बसायच्या जागेकडे बघून विचारलं, "कुणाचं आहे? विचारलंय?"

तिथे कुणी नव्हतं. कागद आणणारीही तीच होती. तिने क्षणभर थांबून मान इकडची तिकडे केली, जणू आता दुसऱ्या जागेवरून बोलायचंय.

"बाबांचं आहे," ती म्हणाली. "विचारलंय."

आणि हात उचलून वाचायला लागली.